बॉक्सच्या चढावरची दोन इंजिनं

कर्जतला गाडी थांबली की डब्यातले निम्मे डोळे बटाटेवड्याच्या टोपलीकडे लागतात आणि उरलेले घड्याळाकडे. गाडीच्या शेपटाशी त्याच वेळी काय चाललंय हे बघायला फारसं कुणी उतरत नाही. तिथे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं, लागत असतात. पुढे लोणावळ्यापर्यंत बोरघाटाचा चढ 1:37 चा आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर चढते. पुढच्या एकट्या इंजिनाला ते झेपत नाही, म्हणून मागून दोन-तीन इंजिनं रेटा देतात. माझं आजोळ कर्जतचं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या शिट्ट्या ऐकू यायच्या आणि आजी सांगायची, "पुढचं विचारतंय, लागलात का रे? मागचं म्हणतंय, लागलो, चल." आजीचा रेल्वेशी संबंध म्हणाल तर तेवढाच, त्या शिट्ट्यांनी तिची झोप मोडायची.

म्हणून विल्बर्ट ऑड्री या माणसाची हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती परक्या देशातली वाटली नाही. ऑड्री इंग्लंडमधले पाद्री. थॉमस नावाचं तोंडवालं निळं टँक इंजिन टीव्हीवरून आणि खेळण्यांच्या दुकानांतून आपल्याकडच्या घरांतही पोचलं, ते त्यांच्या डोक्यातून निघालेलं. पण इथे थॉमसची कीर्ती सांगायची नाही. मला त्यांच्या रेल्वेवेडाचंच प्रकरण तपासायचं आहे. लहानपणी गोष्टी ऐकून गाड्यांचं वेड लागणारी मुलं पुष्कळ असतात. त्यातल्या बहुतेकांचं वेड दहाव्या-बाराव्या वर्षी क्रिकेटच्या बॅटखाली चेंगरून जातं. ऑड्रींचं पंचाऐंशी वर्षं टिकलं. का टिकलं, हा प्रश्न.

वडील आणि रूळ

विल्बर्टचा जन्म 15 जून 1911 चा, हँपशर परगण्यातल्या अँपफील्डचा. वडील व्हिअर ऑड्री तिथल्या चर्चचे पाद्री आणि रेल्वेचे भक्त. जवळून जाणाऱ्या लोहमार्गावर काम करणारे गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार, त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. पाद्रीबुवा रुळांच्या कडेने फेरफटका मारायला निघाले की पोरगं बरोबर असायचं. रूळ कुठे खचतो, पाचर कुठे ढिली होते, हे ज्यांच्या हाताखालून जातं त्या माणसांत ते मूल उभं राहिलं. घराच्या बागेत वडिलांनी चाळीसएक यार्डांची छोटी रेल्वेही मांडली होती.

वडिलांकडून रेल्वेची गोडी मुलाकडे आली, असं एका ओळीत लिहून मोकळं होता येतं आणि बहुतेक जण तसंच लिहितात. मला त्यातला एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. मुलाला गाडी आधी 'बघण्याची' गोष्ट म्हणून भेटली नाही. ती कामाची जागा म्हणून भेटली. तिथे माणसं राबतात, तिथे नियम असतात, चुकलं तर कुणाला तरी लागतं. पुढचा सगळा हट्टीपणा इथून निघालेला दिसतो.

बॉक्स

1917 मध्ये ऑड्री कुटुंब विल्टशर परगण्यातल्या बॉक्स या गावी आलं आणि 1920 मध्ये ज्या घरात राहायला गेलं ते बॉक्स बोगद्याच्या पश्चिमेच्या तोंडापासून जेमतेम दोनशे यार्डांवर. बोगदा ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेला, 1841 चा, जवळपास तीन किलोमीटर लांब. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा लंडनकडे जाणारा मार्ग इथे 1:100 ने चढतो. बोरघाटाच्या तुलनेत हा चढ म्हणजे काहीच नाही. पण कोळशाने भरलेल्या लांबलचक मालगाडीला आणि त्या काळच्या वाफेच्या इंजिनाला तो पुरेसा होता. म्हणून तिथेही मागून ढकलायला एक मदतनीस इंजिन असे. बँकरच.

रात्री अंथरुणात पडलेल्या विल्बर्टला हे सगळं ऐकू यायचं. मालगाडी येऊन थांबायची. मागे मदतनीस लागायचं. ठरलेल्या शिट्ट्या व्हायच्या, पुढच्याची हाक आणि मागच्याची ओ. मग दोघांचा जोर एकदम सुरू.

इथे जरा थांबून आवाजाकडे बघायला हवं, कारण या प्रकरणाचा सांधा तिथे आहे. साध्या वाफेच्या इंजिनाला दोन सिलिंडर असतात. प्रत्येक दट्ट्याला वाफ आलटून पालटून दोन्ही बाजूंनी मिळते, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार फुत्कार निघतात. सपाटीवर, वेगात, हे चारही एकमेकांत मिसळतात आणि आपण त्याला झुकझुक म्हणतो. चढावर मागे ओझं आणि वेग बैलगाडीचा, तेव्हा ते सुटे सुटे पडतात. एक. दोन. तीन. चार. आता दोन इंजिनं घ्या. पुढच्याची चाकं मोठी, मागच्याची लहान. त्यामुळे दोघांचे ठोके कधी एकावर एक येतात, कधी एकाच्या फटीत दुसऱ्याचा बसतो. तमाशातल्या सवाल-जवाबासारखं. पोराला त्यात पुढचं इंजिन रडकुंडीला येऊन जमत नाही म्हणतंय आणि मागचं जमेल जमेल म्हणून त्याला रेटतंय असं ऐकू आलं, यात नवल नाही. मराठीत 'जम-णार ना-ही' हे त्या चार ठोक्यांत अगदी चपखल बसतं, म्हणून बघा.

मोठेपणी ऑड्री सांगत की वाफेच्या इंजिनांना स्वभाव असतो याबद्दल त्यांच्या मनात तेव्हापासून कधी शंका नव्हती, आणि त्या दोघांचं बोलणं ऐकायला कल्पनाशक्ती फारशी लागतही नव्हती. माझ्या मते हे वाक्य विनयाचं नाही, ते नेमकं आहे. गोष्ट त्यांनी रचली नव्हती, ऐकली होती. शिट्ट्यांचा अर्थ खरा, चढ खरा, मागचं इंजिन खरं. फक्त शब्द त्यांचे. परीकथेतली परी एक दिवस खोटी ठरते आणि मुलाचा हिरमोड होतो. बॉक्सची गोष्ट तपासून बघायची तर खिडकी उघडली की झालं. जितकं जास्त कळेल तितकी गोष्ट पक्की व्हायची.

गोवराची खोली

मधली वर्षं भरभर सांगतो. शाळा, ऑक्सफर्ड, तीन वर्षं जेरुसलेममध्ये शिक्षकी, 1936 मध्ये धर्मदीक्षा, 1938 मध्ये मार्गारेटशी लग्न. युद्ध आलं तेव्हा ऑड्री शांततावादी निघाले. त्या दिवसांत हे महागात पडणारं मत होतं आणि त्यापायी त्यांना चर्चमधली जागा गमवावी लागली. 1940 मध्ये बर्मिंगहॅमच्या किंग्ज नॉर्टन भागात त्यांना काम मिळालं, कारण तिथले बिशप बार्न्स स्वतःच त्या मताचे होते. त्याच वर्षी मुलगा झाला, ख्रिस्तोफर.

अडीच वर्षांच्या ख्रिस्तोफरला गोवर निघाला. गोवरात डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून मुलाला अंधाऱ्या खोलीत ठेवायची पद्धत होती. अंधारात, अंगाला खाज, बाहेर युद्ध. अशा मुलाला दिवसभर रमवायचं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक असेल. नेहमीच्या गोष्टी संपल्या. मग बापाने सकाळी स्टेशनात ओळीने उभ्या असलेल्या इंजिनांचं एक बडबडगीत काढलं आणि कागदावर इंजिनांची रांग काढली, प्रत्येकाला चेहरा. एकाचा चेहरा पडलेला होता. पोराने विचारलं, हे उदास का? बाप म्हणाला, कारण ते म्हातारं झालंय आणि बरेच दिवस त्याला कुणी बाहेर काढलेलं नाही. नाव काय त्याचं? एडवर्ड.

पुढे या एडवर्डने गॉर्डन नावाच्या मोठ्या, तोऱ्यात वागणाऱ्या इंजिनाला मागून ढकलून चढ चढवला. तो चढ कुठला, हे आता सांगायला नको. बॉक्सच्या अंथरुणात ऐकलेलं बोलणं पंचवीसेक वर्षं तसंच पडून होतं. बर्मिंगहॅमच्या अंधाऱ्या खोलीत ते बाहेर आलं.

पण मला या प्रसंगात जास्त रस आहे तो ख्रिस्तोफरमध्ये. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगताना बापाने एखादा तपशील बदलला की मुलगा टोकायचा. काल तर तू असं म्हणाला होतास! रोज चुका निघायला लागल्या तेव्हा ऑड्रींनी गोष्टी मिळेल त्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून ठेवल्या. मार्गारेटने त्या छापायला दे म्हणून मागे लागून लागून नवऱ्याला हलवलं, आणि 1945 मध्ये पहिलं पुस्तक निघालं. लेखकाला घडवणारा पहिला संपादक अडीच वर्षांचा होता आणि त्याचा एकच नियम होता, कालचं आज बदलायचं नाही. थॉमस तर आणखी नंतर आला. मुलाला गॉर्डन हवा होता, पण घरातल्या सामानात गॉर्डनएवढं मोठं इंजिन होईना. म्हणून झाडूच्या दांड्याचं आणि लाकडाच्या तुकड्यांचं छोटं टँक इंजिन झालं. त्या खेळण्याची गोष्ट पाहिजे असा हट्ट झाला. 1946.

चाकांवरून भांडण

आता प्रकरणाची दुसरी बाजू. हा माणूस सोबत काम करायला सोपा नव्हता.

त्यांच्या पुस्तकांतल्या बहुतेक प्रसंगांना कुठल्यातरी खऱ्या रेल्वेवर घडलेल्या घटनेचा आधार असायचा. ब्रेकचा पाइप फुटला आणि वर्तमानपत्र गुंडाळून बुटाच्या नाडीने बांधला, ओल्या पानांवरून चाकं घसरली, पाण्याच्या टाकीत मासे शिरले, ही त्यांची जातकुळी. हे असं का, तर इंजिनाला तोंड दिलं म्हणजे वाट्टेल ते करायची मुभा मिळाली असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यामुळे चित्रंही तशीच हवीत. पहिल्या पुस्तकाची चित्रं त्यांना मुळीच आवडली नाहीत. नंतर पुष्कळ पुस्तकं रंगवणारा चित्रकार रेजिनाल्ड डाल्बी रंगांचा राजा होता, पण इंजिनाच्या अंगाकडे त्याचं लक्ष नसायचं. हेन्री नावाचं इंजिन एका चित्रात एका आकाराचं, दुसऱ्यात गॉर्डनचा जुळा भाऊ. मुलं पत्रं लिहून ऑड्रींना जाब विचारायची. शेवटी ऑड्रींनी गोष्टीतच हेन्रीला अपघात घडवला आणि दुरुस्तीसाठी क्रू इथल्या खऱ्या कारखान्यात पाठवलं. तिथून तो नव्या बांध्याचा होऊन परतला. चित्रकाराची चूक निस्तरायला लेखकाने गाडी रुळावरून उतरवली! 1956 च्या पुस्तकात पर्सी नावाचं छोटं हिरवं इंजिन बघून तर हे लाल पट्ट्यांचं हिरवं सुरवंट दिसतंय असं ते म्हणाले, आणि डाल्बीने काम सोडलं.

खरं सांगायचं तर यात मी थोडा डाल्बीच्या बाजूचा आहे. ती झळझळीत चित्रं नसती तर पुस्तकं इतक्या घरांत गेली असती का, शंका आहे. लाखो मुलांना चाकांची संख्या दिसलीही नसेल. पण पत्र लिहिणारी जी थोडी मुलं होती, ती अंधाऱ्या खोलीतल्या त्या पहिल्या श्रोत्याच्या वंशातली होती, आणि ऑड्री त्यांच्यासाठीच लिहीत होते.

हीच खोड नकाशापर्यंत गेली. ही इंजिनं नेमकी कुठे धावतात, असं मुलं विचारायला लागली. आता उत्तर द्यायला हवं. 1950 मध्ये आयल ऑफ मॅनवर गेले असताना त्यांच्या ध्यानात आलं की तिथल्या बिशपचं पद 'सोडोर आणि मॅन' असं आहे. मॅन बेट आहे, सोडोर नावाचं बेट मात्र कुठेच नाही. पाद्री माणसाला हे फुकटचं घबाड मिळालं. मॅन आणि इंग्लंडच्या मधल्या समुद्रात त्यांनी सोडोर वसवलं आणि धाकटा भाऊ जॉर्ज याच्याबरोबर त्याचा इतिहास, गावं, नद्या, बोलीतली नावं असं सगळं वर्षानुवर्षं रचत बसले. गोष्टींत त्यातलं फार थोडं आलं. बाकीचं दोघा भावांच्या हौसेचं.

गार्ड ऑड्री

वेड पुस्तकापुरतं असतं तर हे प्रकरण एका लेखकाचं झालं असतं. वेल्समध्ये टॅलिथलिन नावाची एक छोटी रेल्वे होती, पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी 1860 च्या दशकात बांधलेली. रुळांतलं अंतर 2 फूट 3 इंच, आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा तीन इंच जास्त. ती मोडीत निघणार तेवढ्यात 1951 मध्ये हौशी स्वयंसेवकांनी ताब्यात घेऊन चालवायला सुरुवात केली. जगात असं पहिल्यांदाच होत होतं. 1952 मध्ये ऑड्री तिथे गार्ड म्हणून हजर.

आणि तिथे त्यांनी काय केलं? डब्यांची दारं बघितली, हिरवा बावटा दाखवला, गाडी सोडली. फराळाचं दुकान सांभाळणारी बाई मागेच राहिली. ती याच गाडीने परत जायची असायची. पुढे हा घोटाळा एका गोष्टीत आला. बाई हातवारे करत गाडीमागे पळतेय, हा प्रसंग इतका हुबेहूब का उतरला ते यावरून कळतं.

रूळ, गँगमन, शिट्ट्या असं लहानपणी जे रुळांच्या कडेला उभं राहून पाहिलं, तेच चाळिशी उलटल्यावर गणवेश घालून करायला मिळालं. सुट्टीत बायकामुलांना घेऊन समुद्रकिनारी जावं तसे ते तिथे काम करायला जात. घरी छोट्या आकाराची रेल्वे होतीच. ती घेऊन प्रदर्शनांना जात. कुणी विचारलं की पाद्री असून रेल्वे कशी, तर म्हणत की दोघांचं सारखंच आहे, माणसाला शेवटच्या मुक्कामाला पोचवायची आपलीच वाट उत्तम अशी दोघांचीही खात्री असते.

नियम 55

1984 पासून थॉमस टीव्हीवर आला. पैसा आणि कीर्ती दोन्ही वाढलं. ऑड्री खूश होते, पण पूर्ण नाही. 1990 च्या दशकातल्या एका भागात हेन्री झाडी बघायला म्हणून वाटेत थांबतो. ऑड्रींचा संताप झाला. मालिकेत ही गोष्ट मुलांना गोड वाटली असेल, पण त्यात नियम 55 मोडला होता.

हे वाचून हसू येतं. म्हातारा पाद्री, बोलकं इंजिन, आणि नियम 55? पण ब्रिटिश रेल्वेचा तो नियम काय होता ते बघा. गाडी मार्गावर थांबून राहिली, तर चालकाने शिट्टी द्यायची आणि ठरावीक वेळेत फायरमनने किंवा गार्डने उतरून सिग्नलच्या केबिनीत जाऊन सांगायचं की आम्ही इथे उभे आहोत. कारण केबिनीतला माणूस विसरू शकतो. 22 मे 1915 रोजी स्कॉटलंडमधल्या क्विंटिन्शिल इथे तो विसरला. नियमाप्रमाणे जाऊन आठवण देण्याचं काम नीट झालं नाही, उभ्या गाडीवर सैनिकांनी भरलेली गाडी आदळली, त्यावर तिसरी गाडी आली, आग लागली, दोनशेवर माणसं मेली. ब्रिटनमधला सर्वांत भयंकर रेल्वे अपघात. ऑड्री तेव्हा चार वर्षांचेही झाले नव्हते, हँपशरमध्ये गँगमनच्या संगतीत होते. ज्याची रेल्वेशी पहिली ओळख काम करणाऱ्या माणसांतून झाली, त्याला झाडी बघायला थांबलेलं इंजिन गोड वाटणं शक्यच नव्हतं. त्याला मागून येणारी गाडी दिसायची.

1972 पर्यंत सव्वीस पुस्तकं लिहून ऑड्री थांबले. 1965 मध्ये ते पाद्रीपदावरून निवृत्त होऊन ग्लॉस्टरशरमध्ये राहायला गेले होते. त्याच वर्षी बॉक्सचं स्थानकही बंद झालं. 1996 मध्ये त्यांना सरकारी किताब जाहीर झाला, पण लंडनला जाण्याएवढी ताकद उरली नव्हती. 21 मार्च 1997 रोजी ते गेले. पुस्तकांची रांग मात्र 1983 मध्येच पुन्हा सुरू झाली होती. ख्रिस्तोफर आता बाप झाला होता, त्याच्या मुलाला गाड्यांचं वेड लागलं होतं आणि त्याला गोष्टी हव्या होत्या. एका वाचवलेल्या रेल्वेवर कुणी चालक काही सांगायचा, ते घरी येऊन गोष्ट व्हायचं. असं करत त्याने आणखी सोळा पुस्तकं लिहिली. गोवराच्या खोलीत बापाला टोकणारा मुलगा आता स्वतः टोकून घेत होता.

मागच्या महिन्यात पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबली. समोरच्या बाकावर चार-पाच वर्षांची मुलगी होती. तिने विचारलं, "बाबा, का थांबली?" बाबांनी मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं, "क्रॉसिंग असेल." मुलीने मान डोलावली आणि बिस्किटाचा पुडा उघडला. मागून एक लांब शिट्टी झाली, पुढून तिला उत्तर आलं, आणि डब्याला मागून हलकासा धक्का बसला. मुलीने चमकून मागे बघितलं.